फोन आपला, सही दुसऱ्याची

२००९ च्या आसपासची गोष्ट. आमच्या गावात एसटी स्टँडसमोर मोबाइल रिपेअरिंगचं टपरीवजा दुकान होतं. तिथे मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची आणि दहा रुपयांत एखादा गेमही टाकून मिळायचा. मी पाचवी-सहावीत असेन. मामाचा नोकिया एन-७३ घेऊन गेलो होतो. दुकानातल्या दादाने गेमची फाइल ब्लूटूथने पाठवली, उघडली, आणि फोनने नकार दिला. सर्टिफिकेटची मुदत संपली होती म्हणे. दादाने मान वर न करता सेटिंगमध्ये जाऊन फोनची तारीख दीडेक वर्ष मागे नेली, गेम टाकला, तारीख परत आजची केली आणि फोन माझ्या हातात दिला. मला तो माणूस जादूगार वाटला.

पुढे इंजिनिअरिंगला गेलो, स्वतः ॲप लिहायला लागलो, तेव्हा कळलं की दादाने काय केलं होतं. फोनची तक्रार गेमबद्दल नव्हतीच. गेमच्या फाइलवर एक डिजिटल सही होती, तिची मुदत टळली होती. फोनचं घड्याळ मागे नेल्यावर ती सही पुन्हा ताजी झाली. मग मला प्रश्न पडला की ही सही मिळते कुठे, आणि तिला पैसे किती पडतात? हौसेखातर फोनवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या खर्चाचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

खरं तर आधी प्रश्न टूलच्या किमतीचा होता. कोड लिहायचा तर कंपायलर लागतो, आणि कंपायलर ही एके काळी महागडी वस्तू होती. शेकडो डॉलर मोजावे लागत. १९८३ साली बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकायला काढलं तेव्हा खळबळ उडाली ती त्यामुळेच. याच बोरलँडच्या टर्बो सीची निळी स्क्रीन आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. माझ्याही लॅबमध्ये होती. तिला कुणी किती पैसे दिले, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. एकाच्या पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर, त्याआधी सीडीवरून सीडीवर. आमच्या आधीच्या पिढीतले लोक लॅमिंग्टन रोडवरून कुठली कुठली सॉफ्टवेअरं आणल्याच्या गोष्टी सांगतात. चूक-बरोबर बाजूला ठेवू. पण टूलची किंमत भारतातल्या विद्यार्थ्याला फारशी कधी जाणवलीच नाही, कारण टूलची कॉपी होऊ शकत होती.

खिशात मावणाऱ्या यंत्रांच्या बाबतीतही सुरुवातीला असंच झालं. १९९६ साली पाम पायलट आला. अधिकृत टूल म्हणजे मेट्रोवर्क्स कंपनीचं कोडवॉरियर. त्याला काही शे डॉलर लागत, आणि सुरुवातीला ते फक्त मॅकवर चालायचं. हौशी लोकांना हे परवडेना. त्यांनी काय केलं? त्याच वर्षी कुणीतरी फुकट असेंबलर लिहून वाटला. मग स्टॉलमन यांच्या जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये फेरफार करून तो पामसाठी कोड बनवू लागेल अशी सोय झाली. हजारो फुकट प्रोग्राम निघाले, त्यांतले पुष्कळ अशाच टूलवर. महत्त्वाचं म्हणजे, प्रोग्राम तयार झाला की केबल लावायची, कॉम्प्युटरशी सिंक करायचं, संपलं. पाम कुणाची सही विचारत नव्हता. महाग होतं ते फक्त टूल, आणि ते महाग आहे म्हटल्यावर लोकांनी दुसरं बनवलं.

सिम्बियनच्या बाबतीत गोष्ट बदलली. नोकियाचे एस-६० फोन म्हणजे आजच्या स्मार्टफोनचे थोरले काका. २००४ च्या जूनमध्ये कॅबिर नावाचा किडा निघाला. ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात शिरायचा आणि बॅटरी खाऊन टाकायचा. मोठं नुकसान करत नव्हता, पण फोनलाही व्हायरस होऊ शकतो हे जगाला पहिल्यांदा दिसलं. मोबाइल कंपन्या घाबरल्या. त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्या यंत्रातून पैसे खर्च करणारा एसएमएस जातो, त्यात कुठलाही प्रोग्राम काहीही करू शकणं हे धोक्याचंच. सिम्बियनच्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे २००६ पासून आलेल्या फोनांत, प्लॅटफॉर्म सिक्युरिटी आली. आता प्रोग्रामला सही लागणारच. साधासुधा प्रोग्राम स्वतःच्या सहीने चालायचा, पण फोनच्या आतल्या महत्त्वाच्या गोष्टींना हात लावायचा असेल तर 'सिम्बियन साइन्ड'च्या दारात उभं राहायचं.

आता त्या दाराचा हिशोब बघा. टूल तोवर स्वस्त झालं होतं. नोकियाच्या कार्बाइडची साधी आवृत्ती फुकट होती. पण पब्लिशर आयडी नावाचं ओळखपत्र काढायला वर्षाला २०० डॉलर पडत. डॉलर तेव्हा चाळीस-पंचेचाळीसचा, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. झटपट सही करून घ्यायची तर दर खेपेला आणखी २० डॉलर. आणि यातली खरी मेख पैशात नव्हती. पब्लिशर आयडी मिळायचा कंपन्यांना, संस्थांना. घरी बसून रात्री दोन तास कोड लिहिणाऱ्या माणसाला तो पैसे देऊनही मिळत नव्हता. त्याच्यासाठी वेगळी खिडकी होती. तिथून आपल्या प्रोग्रामवर एका ठरावीक फोनपुरती सही करून मिळायची, फोनचा आयएमईआय नंबर देऊन. म्हणजे स्वतःच्या फोनवर वापरा. मित्राला द्यायचा असेल तर मित्राचा नंबर घ्या, पुन्हा सही करून आणा.

मग व्हायचं ते झालं. एका चिनी संकेतस्थळावर आयएमईआय टाकला की फुकट सर्टिफिकेट मिळू लागलं. जगभरचे लोक रांगा लावून ती घेऊ लागले. अशा सर्टिफिकेटांच्या तारखा जुळत नसल्या की फोनचं घड्याळ मागेपुढे करायचं, ही युक्ती एसटी स्टँडसमोरच्या टपरीपर्यंत पोचली होती. दादाला यातलं गणित माहीत नसणार, उपाय माहीत होता.

इथे मला इतिहासातला सांधा दिसतो. कंपायलरची कॉपी करता येते, किंवा तसा दुसरा लिहिता येतो. सहीचं तसं होत नाही. ती ज्याच्या किल्लीने होते ती किल्ली त्याच्याकडेच असते, आणि फोन फक्त तीच ओळखतो. सही चुकवायची तर फोनच फोडावा लागतो. म्हणून टूल स्वस्त होत गेली तरी हौशी माणसाचा खर्च नाहीसा झाला नाही. तो कॉपी न होणाऱ्या जागी जाऊन बसला.

जावाचे फोन आपल्याकडे सगळ्यात जास्त होते. सन कंपनीचं वायरलेस टूलकिट फुकट मिळायचं आणि सही नसलेला गेमही फोनवर चालायचा. पण इंटरनेट वापरताना किंवा एसएमएस पाठवताना फोन 'परवानगी द्यायची का' असं पुन्हा पुन्हा विचारत बसायचा. तो त्रास टाळायचा तर विकतचं सर्टिफिकेट, आणि ते सगळ्या फोनांवर चालेल याची खात्री नाही. असो.

२००७ च्या जूनमध्ये आयफोन आला तेव्हा त्यावर बाहेरच्या कुणाला ॲप लिहिता येतच नव्हतं. वेब ॲप बनवा, असं ॲपलचं म्हणणं. दोन महिन्यांत हौशी लोकांनी फोन फोडून स्वतःची टूलचेन उभी केली आणि ॲप लिहायला सुरुवातही केली. १७ ऑक्टोबर २००७ ला स्टीव्ह जॉब्ज यांनी एक खुलं पत्र लिहून जाहीर केलं की बाहेरच्यांसाठी टूल देऊ. त्या पत्रात त्यांनी एका कंपनीचं उदाहरण दिलं होतं: नोकिया. नोकिया आपल्या काही नव्या फोनांवर ओळखीच्या डेव्हलपरची डिजिटल सही असल्याशिवाय ॲप चढू देत नाही, हे पाऊल योग्य दिशेने आहे, असा त्यांचा सूर होता. ज्या व्यवस्थेला आमचा दादा घड्याळ मागे नेऊन चकवत होता, ती पुढच्या युगाचा नमुना ठरली.

६ मार्च २००८ ला किंमत कळली. टूल फुकट. आयफोनचा नकली नमुना मॅकच्या पडद्यावर चालवून बघा, तोही फुकट. पण आपलं ॲप खऱ्याखुऱ्या आयफोनवर टाकायचं असेल, मग तो स्वतःचाच का असेना, तर वर्षाला ९९ डॉलर. जुलैमध्ये ॲप स्टोअर उघडलं आणि सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. स्टीव्ह डिमिटर नावाच्या एकट्या प्रोग्रामरने लिहिलेल्या ट्रिझम या गेमने दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर कमावले. अशा बातम्यांपुढे ९९ डॉलर म्हणजे काय? दुकान टाकायचं तर भाडं द्यावंच लागतं, असं सगळे म्हणू लागले. दुकान टाकणाऱ्यासाठी हे खरंही आहे. पण ज्याला काही विकायचंच नाही, ज्याने आपल्यापुरतं किंवा चार माणसांपुरतं काही केलंय, त्यालाही तेच भाडं. शिवाय हे भाडं दरवर्षी. टर्बो पास्कल एकदा घेतलं की जन्मभर तुमचं होतं. इथे सभासदत्व संपलं की स्टोअरमधलं ॲपही उतरतं. आपल्याकडे हाच आयफोन २२ ऑगस्ट २००८ ला आला, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. वर मॅक घ्यायचा. गावाकडच्या मुलासाठी ९९ डॉलरचा प्रश्न फार पुढचा होता.

पैसे न भरता स्वतःचं ॲप स्वतःच्या आयफोनवर टाकायची अधिकृत सोय यायला २०१५ साल उजाडलं. एक्सकोडच्या सातव्या आवृत्तीत साध्या ॲपल आयडीवर ते करता येऊ लागलं. पण ती सही सात दिवसांची. आठव्या दिवशी ॲप उघडत नाही. फोन पुन्हा मॅकला जोडा, पुन्हा टाका. असे ॲपही एका वेळी तीनच. दर सोमवारी पाणी घालावं लागणाऱ्या कुंड्यांसारखं.

मधल्या काळात एक मजेशीर प्रयोग झाला, तो फारसा कुणाला आठवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनलाही वर्षाला ९९ डॉलर लागत. शेव्रॉन नावाच्या गटाने तो फोन फोडण्याची युक्ती काढली होती. मायक्रोसॉफ्टने त्यांना बोलावून घेतलं, आणि २०११ च्या अखेरीस त्याच लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या संमतीने ९ डॉलरला एक टोकन विकायला ठेवलं. टोकन घ्या, तुमचा फोन मोकळा, त्यावर स्वतःचं काहीही टाका. दुकानात विकायचं नाही, एवढीच अट. अशी १०,००० टोकनं काढली होती आणि ती सगळी खपली. दुकानदार वेगळा आणि हौशी वेगळा, हे किमतीतच मान्य करणारं दुसरं इतकं स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. नोकियानेही साधारण त्याच सुमारास शहाणपणा दाखवला होता. ओव्ही स्टोअरची नोंदणी एका युरोवर आणली, सही फुकट करून दिली. पण २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने सिम्बियन सोडून विंडोज फोनची वाट धरली. बैल गेला आणि झोपा केला.

अँड्रॉइड आलं आणि आमच्यासारख्यांचं फावलं. टूल फुकट, विंडोज, लिनक्स, कशावरही चालणार, स्वतःच्या फोनवर टाकायला कुणाला विचारायचं नाही, एपीके फाइल कुणालाही पाठवा. दुकानात ठेवायचं असेल तर २५ डॉलर, तेही आयुष्यात एकदाच. भारतातल्या डेव्हलपरला तिथे पैसे घेऊन ॲप विकता यायला काही वर्षं थांबावं लागलं, पण फुकट द्यायला अडचण नव्हती.

तरी फुकट म्हणजे किती फुकट? मी २०१५ ला कॉलेजला गेलो. जिओ यायला अजून वर्ष होतं. एक जीबी थ्रीजी डेटा अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचा, आणि अँड्रॉइड स्टुडिओ, एसडीके, एम्युलेटरची इमेज मिळून काही जीबी सहज व्हायचे. त्यामुळे हॉस्टेलमध्ये कुणीतरी एकदा कॉलेजच्या वाय-फायवर रात्रभर बसून उतरवायचं आणि मग तो फोल्डर विंगभर फिरायचा. माझ्या लॅपटॉपला चार जीबी रॅम. एम्युलेटर चालू केला की मेसमध्ये जाऊन जेवून यायचो, तरी तो सुरूच होत असायचा. शेवटी मी आणि रूममेटने मिळून आणखी चार जीबीची पट्टी घेतली. सबमिशनच्या आठवड्यात ती माझ्या लॅपटॉपला, एरवी त्याच्या. २५ डॉलर भरायची वेळ आली तेव्हा आमच्या चौघांपैकी एकाच्याही डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार होईना. एका सीनियरच्या भावाचं क्रेडिट कार्ड मिळालं. त्याला रोख सोळाशे-सतराशे रुपये दिले आणि वर एक मिसळ. चौघांत एक खातं. ज्यांच्याकडे लॅपटॉपच नव्हता असे काही जण एआयडीई नावाचं ॲप वापरून फोनवरच ॲप लिहायचे, अंगठ्याने. त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

याच काळात उरलीसुरली टूलही फुकट झाली. सी शार्पमध्ये आयफोनचं ॲप लिहू देणारं मोनोटच २००९ साली ३९९ डॉलरला होतं; २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली आणि ते व्हिज्युअल स्टुडिओबरोबर मोफत दिलं. युनिटीच्या मोबाइल आवृत्तीला प्रत्येकी ४०० डॉलर लागायचे, तेही २०१३ च्या मे महिन्यात गेले. हे औदार्य नव्हतं. कमाई दुकानाच्या वाट्यात, जाहिरातीत, क्लाउडच्या भाड्यात होती. टूल विकून मिळणारे पैसे त्यापुढे चिल्लर, आणि टूल महाग ठेवलं तर दुकानात माल कोण आणणार?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आईच्या भिशीसाठी एक छोटं ॲप लिहिलं. अठरा बायका, महिन्याला दोन हजार. एरवी कुणाच्या तरी घरी चहा-पोहे होऊन चिठ्ठी निघायची. भेटणंच बंद झालं तेव्हा कुणी भरले, कुणाचे राहिले, कुणाचा नंबर लागला, यावरून व्हॉट्सॲपवर गोंधळ होऊ लागला. ॲपमध्ये फार काही नाही. नावं, महिने, हिरवा-लाल ठिपका, आणि चिठ्ठी काढायचं एक बटण. दुकानात ठेवायचा प्रश्नच नव्हता; अठरा बायकांची भिशी जगाला कशाला सांगायची? एपीके ग्रुपवर टाकली, आईने एकेकीला फोन करून 'अननोन सोर्स'ला परवानगी द्यायला शिकवलं. अजून तीच चालते आहे.

दरम्यान अँड्रॉइडच्या दारातही पहारा वाढला. २०२३ च्या नोव्हेंबरनंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगल प्लेवर ॲप ठेवण्याआधी २० जणांकडून सलग १४ दिवस ते तपासून घ्यायची अट आली. पुढे २० चे १२ झाले. डॉलर तेवढेच, पण बारा माणसं दोन आठवडे जमवून ठेवणं हाही खर्चच आहे. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलने जाहीर केलं की दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपलाही ओळख पटवलेला डेव्हलपर लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून हळूहळू इतरत्र.

कारण पुन्हा खरंच आहे. लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहतूक पोलिसांचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके येते, माणूस ती उघडतो आणि खातं रिकामं होतं, अशा बातम्या आपल्याकडे किती येतात. कॅबिर त्यापुढे बाळ होता. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं, बिनपैशाचं खातं असेल, असं गूगलने सांगितलंय. पण ते मोजक्या फोनांपुरतं. जाणकारांसाठी धोका पत्करून ॲप टाकायची वाट ठेवू, असंही नंतर सांगितलं. एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालणारं मुक्त ॲपचं भांडार मात्र अस्वस्थ आहे. तिथे ना फी, ना खातं; स्वयंसेवक कोड तपासतात, स्वतः बांधतात आणि वाटतात. या नियमाने आमचं काम संपेल, असं त्यांनी उघड म्हटलं आहे. स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंगच्या लोकांनी हौसेने बनवलेला इंडिक कीबोर्ड मला तिथेच सापडला होता. त्यावर मी कितीतरी दिवस मराठी टाइप केलं आहे.

माझं ओळखपत्र द्यायला माझी हरकत नाही. मी ते बँकेला, सिमकार्डवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनलाही दिलं आहे. मोजक्या फोनांच्या मर्यादेत अठरा बायका सहज बसतील. अडखळतो ते एवढ्यावर की २००६ मध्येही घरी बसणाऱ्यासाठी एक छोटी खिडकी ठेवली होतीच, आणि तिथून कुणाला काय मिळालं ते आपण पाहिलं. पंचवीस डॉलर, बारा माणसं, एक ओळखपत्र. यातलं एकेक काही फार नाही. मी आज नोकरीत आहे, यातलं काहीही मला जड नाही. चौघांत एक खातं काढणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मला यातल्या कुठल्या पायरीवर कंटाळा आला असता, हे मी ठरवू शकत नाही.

गेल्या दिवाळीत आईने नवा फोन घेतला. तिने जुन्या ग्रुपमधून वर वर जात एपीके शोधून काढली, आणि फोनने धोक्याची सूचना दिल्यावर मला फोन केला. मी म्हटलं, "दाब 'अलाऊ', मीच लिहिलंय ते." ॲप उघडलं. अठराजणींपैकी सतराजणींकडे ते चालतं. एका काकूंना मुलाने पुण्याहून दुसऱ्या जातीचा फोन पाठवला आहे, त्याच्यावर एपीके चढत नाही. त्यांचा हिशोब आई वहीत लिहिते आणि महिन्याच्या पाच तारखेला त्या पानाचा फोटो त्यांना पाठवते.